दोनशे सतरा नंबरचा उजेड

१

भिंत कोरी होती.

गिरधर कंपाउंडरने खिडकीबाहेरचा आरसा किंचित कलता केला, मग पुन्हा सरळ केला. पाच दिवसांची झड त्या सकाळी उघडली होती आणि श्रावणातलं धुतलेलं ऊन आरशावरून उडी मारून शहाद्याच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात शिरत होतं. खिडकीत लाकडी पेटी, पेटीच्या खाचेत एकामागे एक उभे चार पुठ्ठे. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर उजेडाचा एक ठिपका उमटायला हवा होता. एकच, पण उमटायला हवा होता.

"बाई, कोणीच नाही," गिरधर म्हणाला.

डॉक्टर प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या. धडगावच्या डोंगरातून जामसिंग पावराने बायकोला आधी झोळीत आणि मग लॉरीत घालून आणलं होतं. मूल सुखरूप होतं, चांगलं रडत होतं. पण आईचं रक्त फार गेलं होतं.

"पुन्हा बघा, गिरधरभाऊ. संध्याकाळपर्यंत रक्त मिळालं तर ती वाचेल. तिचा गट बी ऋण आहे, दुसरं चालणार नाही."

कोपऱ्यातल्या बाकावर हिलाल जमादार गुडघा चोळत बसला होता. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि गुडघ्याचं निमित्त करून तो रोज इथे यायचा. खरं म्हणजे त्याला ही जागाच आवडायची. एकोणीसशे बत्तीस साली त्याची पहिली बायको बाळंतपणात अशीच रक्त जाऊन गेली होती. त्याबद्दल तो कोणाशी बोलत नसे. फक्त कोणाचं मूल रडलं की त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल पडत.

गिरधरची ही पेटी त्याला पाठ होती. परदेशात विजेवर चालणारी गणकयंत्रं निघाली आहेत, हजारो नावांतून हवं ते नाव ती क्षणात काढून देतात, असं गिरधरने कुठेतरी वाचलं होतं. प्रसूतिगृहात तर फ्रीजसुद्धा रॉकेलवर चालायचा. गिरधर म्हणाला, वीज नाही तर नाही, ऊन आहे ना? आसपासच्या गावांतून रक्त द्यायला तयार झालेल्या चारशे माणसांना त्याने एकेक नंबर दिला आणि पुठ्ठे कापले. प्रत्येक पुठ्ठ्यावर वीस आडव्या ओळी, ओळीत वीस जागा, जागेखाली नंबर. एक पुठ्ठा एका गोष्टीचा. 'बी गट' असा एक. ज्याचा गट बी, त्याच्या जागी भोक. 'ऋण' दुसरा. 'निरोगी' तिसरा. 'तापीच्या अलीकडचे' चौथा, म्हणजे नदीला पूर असला तरी जे येऊ शकतील ते. हवे ते पुठ्ठे खाचेत घातले की ज्या जागी सगळ्यांनाच भोक असेल तेवढ्याच जागेतून उजेड आरपार जाई आणि भिंतीवर ठिपके पडत. भिंतीवर कोळशाने चौकटी आखून आकडे लिहिलेले होते. ठिपका ज्या आकड्यावर, त्या माणसाकडे जीप जायची. वही चाळायला अर्धा दिवस लागला असता ते काम उजेड पापणी लवायच्या आत करी.

बी ऋण असा चारशेत एकच माणूस होता. दोनशे सतरा नंबर, ब्राह्मणपुरीचा चुनीलाल, केळीचा बागायतदार. ओ ऋण रक्तही चाललं असतं. पण त्या गटाचे दोघेच होते. एक तापीपलीकडे पुरात अडकलेला, दुसरा सुरतेला गेलेला.

"चुनीलाल गया कोठे?" हिलाल उठला. "पुठ्ठे एकेक करीसन काढा बरं, गिरधरभाऊ."

पहिला काढला. भिंतीवर इतरांचे ठिपके आले, पण दोनशे सतराची चौकट कोरी. दुसरा, तिसरा. कोरीच. गिरधरने ते तीन परत लावले आणि चौथा, 'तापीच्या अलीकडचे', काढून घेतला. भिंतीवर एकदम एक पिवळा ठिपका उमटला, दोनशे सतराच्या चौकटीत.

हिलालने तो चौथा पुठ्ठा हातात घेतला. भोक होतं. पण त्यात कापसाची बारीक गोळी चिकटवून बसवली होती आणि तिच्याभोवती तांबूस डाग पडला होता.

"हे आपोआप बुजायेल नही," तो सावकाश म्हणाला. "या माणूसले कोनीतरी मुद्दाम विझाडेल शे."

२

ब्राह्मणपुरीच्या रस्त्याला चिखल होता. जीप कण्हत चालली होती. हिलालने गिरधरला विचारलं, "खोलीले कुलूप ऱ्हास का?"

"नाही. बाजारच्या दिवशी तर तिथे जत्रा असते. लोक बाकावर बसतात, मी त्यांना पेटी चालवून दाखवतो. बहुतेक वेळा बी ऋणच दाखवतो. भिंतभर अंधारात एकच ठिपका, लोकांना गंमत वाटते. सगळे त्याला चुनीलालची चांदणी म्हणतात." गिरधर हिलालकडे वळला. "काका, तुम्हाला माझा संशय तर नाही ना?"

"तुम्हले लपाडनं ऱ्हातं तर तुम्ही नवा पुठ्ठा कापता, त्यामा ते भोकच पाडता नही. कोनले पत्ता लागता? कापूस कोंबनं हे तुमनं काम नही."

गिरधरला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला.

चुनीलालच्या अंगणात केळीचे घड उतरवून ठेवले होते. तो स्वतः आत खाटेवर दोन गोधड्यांखाली थरथरत होता. जीपचा आवाज ऐकून तो उठून बसला आणि सदरा शोधू लागला.

"बाईंचं बोलावणं ना? चला. कोण आहे या वेळी?"

हिलालने त्याचं मनगट धरलं. हात तव्यासारखा तापला होता.

"कधीपासून?"

"काही नाही हो, हिवताप. येतो, जातो. दर पावसाळ्यात असतोच."

"आणि मागच्या पावसाळ्यात तुम्ही रक्त दिलंत, तेव्हा?" गिरधरने विचारलं.

चुनीलाल सदऱ्याच्या बाहीत हात घालत होता आणि हात बाहीला सापडत नव्हता.

गिरधरने तो सदरा हळूच काढून घेतला. "झोपा चुनीभाऊ. तापातलं रक्त चालत नाही. रक्ताबरोबर हिवताप तिच्या अंगात जाईल."

"मग तिला कोण देणार?" चुनीलाल म्हणाला. त्याची बायको रंजनाबाई औषधाची बाटली घेऊन आली, वरची चिठ्ठी वाचून तिने दोन गोळ्या मोजून काढल्या.

"वाचता येस तुले?" हिलालने विचारलं.

"चौथी पास शे," ती म्हणाली आणि नजर चुकवून आत गेली.

हिलाल अंगणात आला. काखेतला तो पुठ्ठा त्याने काढला आणि उन्हात धरला. कापसाभोवतीचा तांबूस डाग आणि समोर दोरीवर वाळत असलेल्या लुगड्यावरचे डाग, चुनीलालच्या धोतरावरचे डाग, केळी तोडणाऱ्या मजुरांच्या कपड्यांवरचे डाग. सगळे एकाच जातीचे. केळीचा चीक. ओला असताना पाण्यासारखा दिसतो, मग तांबूस होतो, पुढे काळपट, आणि जन्मात निघत नाही.

म्हणजे हात याच मळ्यातला होता. आई, बायको की चुनीलाल स्वतः?

"काय दखी ऱ्हायना जमादार?" मागून आवाज आला. चुनीलालची आई नर्मदाबाई काठी टेकत ओट्यावर आली होती. सत्तरीची, ताठ, आवाज गावाच्या वेशीपर्यंत जाणारा. रक्त देणं तिला मुळीच पसंत नव्हतं हे सगळ्या शहाद्याला माहीत होतं. दवाखान्याच्या दारात तिने एकदा डॉक्टरीणबाईंना ऐकवलं होतं की मन्हा पोऱ्या काय विहीर शे, जो येस तो बादली सोडस.

"नर्मदामाय, दवाखानामा कोनीतरी चुनीलालनं भोक बुजाडेल शे."

म्हातारीने एकदा घराकडे पाहिलं. मग काठी आपटली.

"मीच बुजं ते. मन्हा हातघाई बुजं. आते माले धरीसन ली चला."

३

ती खरोखरच जीपमध्ये येऊन बसली. वाटेत तिने हिलालला दोनदा विचारलं की तुरुंगात उपासाचं खायला देतात का, कारण सोमवार जवळ आला होता.

शहाद्याला पोहोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. प्रमिलाबाईंनी जीपमधून कोण उतरलं ते पाहिलं, आणि कोण उतरलं नाही तेही पाहिलं. चुनीलालच्या तापाचं गिरधरने सांगितलं तेव्हा त्या भिंतीला टेकल्या.

"म्हणजे भिंतीवर ठिपका पडला असता, चुनीलाल आला असता, मी तिला ते रक्त दिलं असतं." त्यांनी खाचेतला एक पुठ्ठा उपसून हातात घेतला. "'निरोगी'चा पुठ्ठा दोन वर्षांपूर्वी कापलाय आपण. पुन्हा त्याला हातही लावला नाही. कोण देऊ शकतं एवढंच आपण विचारत राहिलो. तो कसा आहे हे विचारलंच नाही."

"बाई, दोस मंग काढू," हिलाल म्हणाला. "पहिले माले हाई बघू द्या."

त्याने नर्मदाबाईला बाकावर बसवलं आणि गिरधरला सांगून खाचेत फक्त 'निरोगी'चा पुठ्ठा लावायला लावला. भिंत एकदम उजळली. तीनशेहून जास्त ठिपके, आभाळ उघडावं तसे.

"नर्मदामाय, भीतवर किती चांदन्या शेत, सांग बरं."

म्हातारीने मान वर केली, डोळे बारीक केले, खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"एकच तर शे," ती ठासून म्हणाली.

कोणी हसलं नाही. तिच्या दोन्ही बुबुळांवर मोतीबिंदूचा दुधी पडदा होता. पुठ्ठ्यावरचं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक तर सोडाच, तिला भिंतच नीट दिसत नव्हती.

"माय, कोनले वाचाडी ऱ्हायनी तू?" हिलालने हळू विचारलं. "सूनले?"

नर्मदाबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पोरगी रोज रडस, जमादार. तिनंच करं अशीन. तिनं नाव नका लिवजात. तिले धाकलं पोरगं शे."

"तिनं नही कयं."

"तुले काय माहीत?"

हिलाल सांगणार तेवढ्यात व्हरांड्यातून तक्रारीचा सूर आला. शहाद्याचाच दोधू माळी, धट्टाकट्टा, वर्षातून तीन वेळा रक्त देऊन वरचं ग्लासभर दूध हक्काने मागून घेणारा, दारात उभा होता.

"गिरधरभाऊ, मी काय गुन्हा कया? मन्हं रगत ओ धन, नेहमीनं चालनारं. पंधरा दिनमा तीन बाया उन्यात, तीनहीले दुसरानं रगत दिन्हं. माले कोनी बलावं नही. मन्हं दूध बंद करानं शे का?"

"तुन्हा नंबर कोनता?" हिलालने विचारलं.

"दोनशे चार."

हिलालने तो चौथा पुठ्ठा उजेडात धरला आणि बोट आडव्या ओळीवरून सरकवत नेलं. दोनशे चारच्या जागीही कापसाची गोळी होती. तिचा डाग तांबूस नव्हता. काळपट होता.

४

"आते समजनं," हिलाल म्हणाला. त्याने प्रमिलाबाईंना पुठ्ठ्याकडे तोंड करून उभं केलं, खिडकीच्या बाजूला.

"बाई, दोनशे सतरा कोठे शे?"

"अकराव्या ओळीत. उजवीकडून चौथा."

"आते फिरा. भीतकडे तोंड करा. गिरधरभाऊ, ती चांदनी दखाडा."

गिरधरने बुजलेला पुठ्ठा बाहेर ठेवून बाकीचे तीन खाचेत सरकवले. प्रमिलाबाई वळल्या. भिंतीवर चुनीलालचा ठिपका होता, डावीकडून चौथा.

"उलटा झाला," त्या म्हणाल्या. "म्हणजे, मीच उलटी झाले."

"दोनशे चार पुठ्ठावर कोठे शे? त्याच ओळीमा, डावीकडून चौथा." हिलालने दोन्ही गोळ्यांवर बोटं ठेवली. "चीक जुना व्हस तसा काया पडस. म्हणजे दोधूनं भोक पहिले बुजं, चुनीलालनं मागून. दोधूवर कोनी राग नही धरेल. ती चूक व्हती. ज्यानं हे कयं त्याले चुनीलालनी जागा माहीत व्हती, पन नंबर माहीत नव्हता. त्यानं भीतवर मोजं, अकरावी वळ, डावीकडून चौथी, आणि पुठ्ठावर तसंच मोजीसन बुजं. पुढला बाजारले येवावर दखं, चांदनी अजून जयी ऱ्हायनी. मंग समजनं आणि दुसरं बुजं."

"म्हणजे त्याला आकडे वाचता येत नाहीत," गिरधर म्हणाला.

"येता तर भीतवर दोनशे सतरा वाचता आणि पुठ्ठावर दोनशे सतरा शोधता. चूक व्हतीच नही. रंजना चौथी पास शे. चुनीलालले वाचता येस. नर्मदामायले दिसत नही." हिलालने बाकाकडे पाहिलं. "बाजारले घडीभर बसनारा माणूस अकरावी वळ ध्यानमा ठेवत नही. ज्यानं ही भीत दिवसचे दिवस दखी शे त्यानं हे काम शे. या खोलीमा आधी काय व्हतं?"

फरशीवर, बाकाच्या मागे, लोखंडी पायांनी पाडलेले चार खळगे होते. सगळ्यांचीच नजर तिकडे गेली.

"मागच्या वर्षापर्यंत इथे खाट होती," प्रमिलाबाई म्हणाल्या. "जड बाळंतपणाच्या बायका इथे ठेवत असू. त्या निजून समोरची भिंतच बघायच्या."

"वही आणा, बाई. ज्यासले रगत दिन्हं त्यासनी."

वही आली. हिलालला चष्मा लागायचा आणि चष्मा घरी होता, म्हणून गिरधर वाचत गेला. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर तो अडखळला.

"रूपलीबाई पावरा, राहणार धडगावकडची. बाळंतपण, खूप रक्तस्राव. एकवीस दिवस याच खाटेवर." तो थांबला. "रक्त दिलं चुनीलालने. ही आता त्याच्याच मळ्यात केळी तोडते. दर बाजारला आपल्या स्वयंपाकघराला कच्ची केळी तीच आणून टाकते."

"पुढे वाचा," हिलाल म्हणाला. "त्या रकान्यामा काय लिखेल शे?"

गिरधरने वाचलं आणि त्याचे ओठ नुसतेच हलले. प्रमिलाबाईंनी वही ओढून घेतली.

रूपलीबाईच्या नावापुढे लिहिलं होतं: बी ऋण.

५

"जिले त्यानं रगत चालनं, तिनंही रगत त्याच जातीनं ऱ्हायी ना, बाई?" हिलालने विचारलं.

प्रमिलाबाई हसल्या की रडल्या ते सांगणं कठीण होतं. "ज्यांनी दिलं त्यांची नावं पेटीत, ज्यांना दिलं त्यांची वहीत. दोन वर्षं मी दुसरं बी ऋण शोधतेय, जमादारकाका. दर आठवड्याला ती माझ्या दारात केळी टाकून जाते."

तिला शोधायला कुठे जावं लागलं नाही. त्या दिवशी बाजार होता. रूपलीबाई सकाळी टोपलं घेऊन आली होती आणि तेव्हापासून व्हरांड्याच्या टोकाला जामसिंगजवळ बसून राहिली होती. त्याचं पोर तिच्या मांडीवर होतं. आपल्या डोंगरातला माणूस, आपल्याच बोलीत रडणारा. त्याच्या बायकोला काय झालं आणि काय हवं आहे हे त्याने तिला सांगितलं होतं. तिला उठून जाता येत नव्हतं आणि आत येऊन सांगताही येत नव्हतं.

हिलाल तिच्यासमोर उकिडवा बसला. गुडघा करकरला.

"रूपलीबाई, चांदनी तू विझाडी?"

तिने मान हलवली. तिची अहिराणी पावरी वळणाची होती, तुटक, पण स्पष्ट. "मी विझाडी. चुनीभाऊ मळामा केयीसमां पडी गया. तोंड कायं पडी गयं. मी पानी मारं. माले म्हने, बाईले नको सांगू, बाई बलावनं बंद करी." तिने प्रमिलाबाईंकडे पाहिलं. "जवलग भीतवर त्यानी चांदनी शे तवलग तुम्ही बलावशात. तो नही म्हननार नही. मंग मी काय करू?"

"मला सांगायचं, रूपली," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी रागावले असते का?"

"त्यानी माले शपथ घाली व्हती. भीतले घाली नव्हती."

जामसिंग कधी तिच्याकडे, कधी डॉक्टरीणबाईंकडे बघत होता. त्याला सगळं कळलं नाही, पण काहीतरी कळलं. रूपलीने मांडीवरचं मूल त्याच्या हातात दिलं आणि डोळ्याला पदर लावला.

"माले वाटनं, भाऊ वाचना. हाई बाई शे हे माले माहीत नव्हतं. मी तिले मारी टाकं का?"

"अजून नही," हिलाल म्हणाला. "आणि तू विझाडी नसती तर तापनं रगत तिले जातं. ते राहू दे. आते एक सांग. तुन्हं रगत तू देशी का?"

रूपलीबाई गोंधळली. तिने आपल्या मनगटाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याचं होतं.

"मन्हं रगत? ते तर त्यानंच शे."

"म्हनीसनच तर चाली," हिलाल म्हणाला.

पुढचा तासभर सगळे धावत होते. प्रमिलाबाईंनी तिला तपासलं. ताप नाही, अंगात रक्त चांगलं, पोर दोन वर्षांचं होऊन अंगावरचं पिणं सुटलेलं. दोघींचं रक्त एकत्र करून पाहिलं, ते जुळलं. रूपलीबाईला मागच्या खोलीत जामसिंगच्या बायकोशेजारी आडवं केलं. सुई टोचताना तिने डोळे मिटले नाहीत. बाटली भरत गेली तशी ती ती बघत राहिली, आणि एकदा म्हणाली, "इतलं मन्हामा व्हतं?"

नर्मदाबाई दाराशी बसून होती. तिने काठी बाजूला ठेवली होती. कोणी जवळून गेलं की ती विचारायची, "रंग कसा शे? भरना का?" शेवटी दोधूने तिला सगळं नीट सांगितलं आणि आपला दुधाचा ग्लास रूपलीला द्यायला लावला. त्याला तो त्याग मोठा होता.

दोन वाजता बाटली जामसिंगच्या बायकोच्या खाटेवर टांगली. तीन वाजता तिने पाणी मागितलं. हिलाल व्हरांड्यात आला आणि खांबाला धरून उभा राहिला. जामसिंगने त्याला विचारलं, "काका, ती वाचली?"

"पानी मांगस," हिलाल म्हणाला. मग त्याने जामसिंगच्या हातातलं मूल घेतलं आणि खूप वेळ परत दिलं नाही.

संध्याकाळी गिरधरने नवा पुठ्ठा कापला. त्याचं नाव ठेवलं 'विसावा'. रक्त दिलं की त्या माणसाची जागा बंद, आणि पुन्हा तपासून बाई हो म्हणतील तेव्हाच उघडी. गिरधरला स्वतःचा फार राग आला होता. इतकी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती, ती केळीच्या चिकाने त्याला शिकवली होती. त्याने दोनशे चार मोकळं केलं. दोनशे सतरा त्याने तसंच बुजलेलं ठेवलं. मग चारशेच्या पुढे एक ओळ नव्याने आखावी लागली. रूपलीबाईला त्याने विचारलं, यातली कोणती जागा हवी? ती म्हणाली, कोणतीही द्या, फक्त ती भिंतीवर कुठे पडते ते मला दाखवून ठेवा.

६

चौथ्या दिवशी हिलाल ब्राह्मणपुरीला गेला. गुडघ्यासाठी चालणं बरं, असं त्याने घरी सांगितलं होतं, पण अर्धी वाट तो बैलगाडीतूनच गेला.

चुनीलालचा ताप उतरला होता. तो ओट्यावर बसून पेज पीत होता आणि रुसलेला होता. घरात त्याला कोणी काही नीट सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, तू जेव आधी. बायको म्हणायची, जमादारांना विचारा. हिलालने सगळं पहिल्यापासून सांगितलं, भिंतीपासून बाटलीपर्यंत. चुनीलालने वाडगं खाली ठेवलं. शेवटी त्याने एकच विचारलं, "तिला चक्कर आली का?"

"नही. उठीसन चालत गयी. नर्मदामायनं तिले आपला हातघाई लाडू खावाडा."

अंगणाच्या टोकाला रूपलीबाई घड उतरवत होती. चुनीलालने तिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि ओट्याखाली उभी राहिली.

"वर बस," चुनीलाल म्हणाला.

ती बसली नाही. मग म्हातारीने आतून ओरडून सांगितलं तेव्हा पायरीवर बसली.

"तू मला विझवलंस," तो म्हणाला.

"व्हय."

"मला विचारायचं तरी."

"तू काय म्हनता ते माले माहीत व्हतं."

चुनीलालला हसू आलं, आणि खोकलाही. तो ओसरेपर्यंत ती थांबली. रंजनाबाई दारात येऊन उभी राहिली होती. चुनीलालने दोघींकडे पाहिलं, मग हिलालकडे.

"मग आता माझं काय? मला सुटी?"

"सुटी नही, भाऊ," रूपलीबाई म्हणाली. "वाटनी. बहिनले वाटा देवा लागस."

ती उठली आणि राहिलेले घड उतरवायला गेली.